देवाचे दार, तर्जनीएवढे

ध्रांगध्रा,
शुक्रवार, ता. १७ एप्रिल

परमस्नेही व्याही श्री. नटवरलालजी यांना प्राणलाल गज्जर याचे सादर जय श्रीकृष्ण. आपले गुडघे आणि विहीणबाईंचा रक्तदाब हे दोन्ही आटोक्यात असावेत.

"बापुजींनी सात फुटांचं दार बोटाएवढं केलं!" असे आपली कन्या, म्हणजे आमच्या सूनबाई हेतल, यांनी आपणांस दूरध्वनीवर कळविल्याचे समजले. या एका वाक्यात दोन चुका आहेत. दार पाच फुटांचे होते. आणि ते यंत्राने कोरले, मी नव्हे.

वस्तुस्थिती अशी. रामजी मंदिराच्या गाभाऱ्याचे दार चिरंजीव निकुंजच्या कारखान्यात कोरावयाचे आहे. मंदिराच्या स्थपतींनी पाठविलेला नकाशा संगणकात पुन्हा रेखाटण्यात पूर्वी तीन दिवस जात. आता नव्या सोयीने बाहेरची फाइल जशीच्या तशी आत घेता येते. घेताना संगणक एवढेच विचारतो : माप इंचांत की मिलिमीटरांत? निकुंज जेवावयास गेला होता. आपले सुतार अजून इंच आणि सूतच मोजतात, हे मी जाणतो, परंतु एकतीस वर्षे शाळेत दशमान पद्धती शिकविलेल्या माणसाने (निवृत्त झालो म्हणून काय झाले?) इंच निवडावा तरी कसा? साठ इंचांचे साठ मिलिमीटर झाले. पडद्यावर दार दारासारखेच दिसत होते. यंत्राने फळीच्या ऐन मध्यभागी ते पाच मिनिटांत कोरले. कोरण्याची खोली वेगळी भरलेली असल्याने ती मात्र पुरेपूर घेतली, आणि फळी वाया गेली.

मिस्त्री मावजीभाई म्हणाले, "बापुजी, रामजी राहू द्या, यातून उंदीरमामा दर्शन देतील!"

"मामांनाही तिरकंच व्हावं लागेल," सूनबाई म्हणाल्या.

दुसरी नवी सोय अशी, की संगणक दर दहा मिनिटांनी कामाची प्रत आपोआप राखून ठेवतो. मी तत्काळ जुनी प्रत परत मागविली. रेखाचित्र अखंड परत आले. फळी आली नाही. एवढ्या रुंदीचा जुना साग महिनाभर तरी मिळणार नाही, असे वखारवाले सांगतात. मंदिराला शब्द निकुंजने दिलेला आहे. तो मला एका अक्षराने बोलत नाही, हे अधिक लागते.

आपला,
प्राणलाल

ता. क. : आपल्या ओसरीवरील झोपाळ्याची फळी साडेपाच फुटांची असून जुन्या सागाची आहे, असे स्मरते.

दुसरा ता. क. : सूनबाईंनी तारखाही चुकविल्या आहेत. शुद्ध तारखा येणेप्रमाणे :

सोमवार, ता. १३ (मंगळवार नव्हे) : नकाशा आला.
बुधवार, ता. १५, दुपारी १.४० : मिलिमीटर निवडले. (संगणकाने वेळेसह माझे नावही राखून ठेवले आहे.)
गुरुवार, ता. १६ : माप इंचांत दुरुस्त केले. मी स्वतः.
रविवार, ता. २६ (२८ नव्हे) : प्राणप्रतिष्ठा.
शुक्रवार, ता. १७, म्हणजे आजच : मावजीभाई टेम्पो घेऊन आपल्याकडे भावनगरास निघाले. हे पत्र त्यांच्याच हाती दिले आहे. आपण या क्षणी झोपाळ्यावर बसून ते वाचत असाल, तर कृपया उठावे.