विलोबी नावाचं गाव आहे

विलोबी, कॅन्सस
८ मार्च १९९९

आदरणीय आई-बाबांस,
अक्षताचा सविनय जयभीम. वि. वि.

कंपनीने शिकागोचं स्वप्न दाखवलं आणि पाठवलं या विलोबीला. शेतकऱ्यांच्या धान्य सोसायटीचे कॉम्प्युटर दोन हजार सालासाठी तयार करायचे आहेत. थोडी घरं, एक चर्च, एक खाणावळ. बाकी नजर पोचेल तिथवर हिरवा गहू. इथे नगरपालिका नाही, पंचायतही नाही, म्हणजे सरकारी कागदावर हे गावच नाही. म्हणून नवा रस्ता करताना रस्तेखात्याने गावाची पाटी काढली ती काढलीच. खाणावळीच्या एडनाबाईंनी स्वतः पाटी रंगवून लावली, तर तीही उचलून नेली. बाई म्हणतात, नवरा आणि मुलगा इथल्या मातीत पुरलेत, मग गाव नाही कसं?

आई, भाकरी नाही, पण मक्याचा पाव बरा असतो.

माया असू द्यावी.
आपली अक्षता


सम्यकनगर, हडपसर
२६ मार्च १९९९

चि. अक्षतास,
सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. अमेरिकेत पुढाऱ्यांवाचून गावं चालतात हे ऐकून तुझ्या आईला तिथे राहायला यावंसं वाटतंय.

आपल्या वस्तीला लोक नुसतं 'ओढ्यापलीकडे' म्हणायचे. आम्ही सम्यकनगर नाव दिलं, पाटी लावली. ती ओढ्यात गेली. दुसरीही गेली. पुढची लावली तेव्हा तू पोटात होतीस. तुझी आई पदर खोचून दिवसभर पाटीखाली बसली. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आज पीएमटीचा कंडक्टर तेच नाव पुकारतो.

एडनाबाईंना आमचा जयभीम सांग. तू मात्र जपून. व्हिसा कंपनीच्या हातात आहे.

खुशाली कळवत जा.
तुझा बाबा, पोपट


विलोबी
४ मे १९९९

आदरणीय बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. आईची हकिकत एडनाबाईंना सांगितली, त्यांनी सगळ्या खाणावळीला. रविवारी चर्च सुटल्यावर अख्खं गाव जमलं आणि बाईंच्याच शेतात, कुंपणाच्या आत, आधीपेक्षा मोठी पाटी उभी केली. एक खांब मी धरला होता. खात्याचा साहेब आला आणि म्हणाला, या नावाचं गावच नाही. मी विचारलं, मग कराची बिलं कुठे पाठवता? लोक हसले. साहेब आल्या वाटेने गेला.

पण साहेबाची तक्रार कंपनीकडे पोचली. आमचे मॅनेजर राकेशसर म्हणाले, लेखी माफी माग, नाहीतर पुण्याला परत. मी म्हटलं, काय चुकलं ते सांगा. ते म्हणाले, आधी माफी. मी माफी लिहिली नाही. परतीचं तिकीट हातात आलं आहे, १२ जूनला मुंबईत उतरेन. पाटी उभी आहे.

रागवायचं ते समोर बसवून रागवा.
आपली अक्षता


हडपसर
१९ मे १९९९

चि. अक्षतास,
आईचा जयभीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बाबांनी घडी घालून खिशात ठेवलं. मला वाटलं, रागावले. काल शेजारच्या श्यामलावहिनी विचारत आल्या, पोरीला अमेरिकेने हाकललं म्हणे? तेव्हा हे उठून म्हणाले, हाकललं नाही. माफी मागायला नकार देऊन येतेय. एवढ्यासाठीच शिकवली तिला. वहिनी चहा न घेताच गेल्या. साखर वाचली.

नोकरीचं बघू. तुझी विद्या काही कंपनीने दिलेली नाही, ती काढून घ्यायला. बाबा मुंबईला विमानतळावर घ्यायला येत आहेत. नवा शर्ट शिवलाय. मी दारात असेन. मान खाली घालून आलीस तर मात्र कडी उघडणार नाही.

वाट बघणारी,
तुझी आई, चंद्रभागा