दादाचा बोळा

सोम., ११ ऑगस्ट १९८६
आज दादाचा हात थांबला. मुलुंडच्या गाण्याच्या बाईंचा तंबोरा, भोपळ्यावर पॉलिश चाललं होतं. कापसाचा पॉलिशचा बोळा नेहमीसारखा गोल गोल फिरत होता आणि मधेच उभा राहिला. क्षणभरच. तेवढ्यात चिकटला. उचलला तर लाखेच्या चपडीचा थर सोलून आला, रुपयाएवढा डाग.
बोळा फिरता फिरता टेकवायचा, फिरता फिरताच उचलायचा, मधे थांबू द्यायचा नाही. हे मला ह्यानेच कानाखाली वाजवून शिकवलंय.
म्हणाला, "हवा दमट हा." मी हो म्हटलं.

गुरु., १४
हवा दमट आहे हे खरं. साकीनाक्याच्या ह्या गाळ्यात पत्र्याखाली सगळंच ओलं. स्पिरिट उडत नाही, पॉलिश पांढरं पडतं. पण पांढरं पडणं वेगळं आणि सोलणं वेगळं.
दादा चहाला गेला की मी डाग घासून भरून काढतो. आज बाजूलाच नवा होता. गणपती तोंडावर, भजनी मंडळांच्या पेट्या दारापर्यंत आल्यात. त्या राहिल्या तशाच.

रवि., १७
असल्फ्याला दादाकडे जेवायला. दादा खाली गेल्यावर वहिनीला हळूच विचारलं. "शर्टाची बटनां मीच लावतंय आता," एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली. म्हणजे घरात माहीत आहे. फक्त बोलायचं नाही.

सोम., १८
बाई येऊन बघून गेल्या. "अनंता, तुझाच हात लागू दे हं. मागे दुसऱ्याकडे दिला तर जाडजूड थर देऊन आवाज बसवला मेल्याने." दादा हसला. उजवा हात सगळा वेळ खिशात.
त्या गेल्यावर म्हटलं, डॉक्टरकडे जाऊया.
"कित्याक? हाताक काय झालाहा?"
भित्रा आहे मी, दुसरं काय.

शुक्र., २२
भोपळा एकसारखा झाला. झकास चकाकतोय. दादाला वाटतंय, हात परत आला. संध्याकाळी शीळ घालत होता, कित्येक महिन्यांनी. तो दुपारी चहाला गेला की मी काय करतो ते त्याला... बाहेर जाऊन उभा राहिलो.

मंगळ., २६
वाट लागली.
बाई उद्या येणार म्हणून दादाने तंबोरा दारात नेला, तिरप्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिला. मग हळू आवाजात, "हे फेरे उलटे फिरलेहत."
मी डावखुरा. माझा बोळा उलटा फिरतो. उजेड आडवा पडला की पॉलिशमधल्या बारीक रेघा सांगतात, हात कोणाचा. हेही त्यानेच शिकवलेलं. सुचू नये मला?
"सगळो तुझोच हात हा रे." चिडला असता तर बरं झालं असतं. जाताना म्हणाला, "बरो केलंस हां." कामाला त्याने बरं म्हणावं म्हणून इतकी वर्षं जीव टाकला. आज म्हणाला, आणि नको झालं.

बुध., २७
दादा आला नाही.
बाई तंबोरा घेऊन गेल्या. खुशीत होत्या. "शेवटी अनंताचा हात तो अनंताचा हात." मी गवसणीची नाडी बांधून दिली.
गाळा बंद करताना खिडकीत दादाचा बोळा दिसला. रोज झाकणाच्या डब्यात ठेवतो, मला हात लावू देत नाही. वारा लागला की कडक होतो. काल मुद्दाम बाहेर ठेवून गेला. दगड झालाय नुसता.
टाकवेना. त्याच्याच डब्यात थोडं स्पिरिट ओतलं, बोळा आत ठेवला, झाकण घट्ट बसवलं. सकाळपर्यंत मऊ झाला तर डबा घेऊन असल्फ्याला जाईन. दार वहिनीच उघडेल. दादासमोर डबा ठेवून म्हणायचं काय, ते अजून ठरत नाही.