प्रणिताचा खो-खो

मोरबी

आईच्या पायावर गंगाधरचं डोकं.

मी बरा हाय. टाइलच्या कारखान्यात काम बराबर चालू हाय, दोन टाइम जेवतो.

फोनवर तू नुसती रडतीस, म्हणून लिहून राहिलो. प्रणिताचा खो-खो बंद कर असं मीच तिला सांगावं म्हणतीस. काहून मीच? शेळी सुटली तरी जागची न हालणारी आपली पोरगी वसमतच्या कॉलेजात जाऊन पळायली, याच्यानं माझंबी डोकं फिरलं. मी विचारलं, "बक्षीस भेटतं का? पोलीस भरतीला जायचंय का?"

तर म्हणे, "न्हाई दादा. तिथं घसा फाटेस्तोवर खो म्हणून ओरडते, अन् कोणी गप बस म्हणत न्हाई."

तिला गप बस म्हणणारे आबा, तू अन् मी. आपण तिघंच की!

मी काही बंद कर म्हणणार न्हाई. गुडघा फोडून आली तर हळद लाव, शिव्या देऊ नको. आबांचा खोकला कसा हाय?

प्रणे, हे पत्र आईला तूच वाचून दाखवायलीस. आबा ओसरीवर बसले असतील. मोठ्यानं वाच.

तुझा पोरगा,
गंगाधर