बोक्याच्या नावाचं तिकीट

५ मार्च

परत लाँड्रीत, कामावर. रोलरपुढे उभा राहिलो तर हात आपोआप चालले. हॉटेलच्या ओल्या चादरी, दोन टोकं धरायची, ताणायची, वाफेत सोडायची. दुसरं टोक बोक्याकडे. घाऱ्या डोळ्यांमुळे सगळे त्याला बोका म्हणतात; हे ध्यान माझ्याआधीपासून इथे आहे. विचारतो, "भेटली का आई?"

म्हटलं, भेटली. बोलली नाही.

बोलणार कशी? घशातली आवाजाची पेटीच काढलीय. आता कायमचं.

६ मार्च

लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातला भुंगा थांबेल.

आईच्या घशात गाठ. डॉक्टर म्हणाला, जीव वाचेल, आवाज जाईल. मी निघायच्या आधी आई फोनवर म्हणाली, "तू ये. तुला एक सांगायचंय. फोनवर नाही, समोर बसून." आवाज घोगरा झालेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचणार होतो. निवांत बसलो असतो दोघं.

गाडी मधेच उभी राहिली. उजाड माळ. कोणी म्हणे इंजिन गेलं, कोणी म्हणे रूळ. खरं कोणीच सांगेना. रेंज जायच्या आत ताईला कळवलं — गाडी रखडलीय, आईला सांग. डब्यात लोक पत्ते कुटत होते. मी दारात उभा राहून शिव्या घालत होतो. कोणाला, माहीत नाही.

पोचलो तेव्हा आईला आत नेऊन बाहेरही आणलं होतं.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, काय सांगायचं होतं? माझ्या मनगटावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लिहायला येत नाही तिला. खुणेने सांग म्हटलं तर डोळे मिटून घेतले.

काय असेल? लग्नाचं? की मी घर सोडून पळालो त्याचं? तीन नोकऱ्या बदलल्या, त्याचं? काहीही असो, रेल्वेने गिळलं.

९ मार्च

वाफेच्या बंबावरचा म्हातारा म्हणाला, "एवढी लेट झाली तर भरपाई देतात. अर्ज टाक."

पैसे कोणाला हवेत? एका माणसाने तरी म्हणावं, आमचं चुकलं. एवढंच.

१० मार्च

अर्धा दिवस बुडवून रांगेत. खिडकीतला कारकून चहात बिस्किट बुडवत होता. "नाव?" सांगितलं. "तिकिटावर हे नाव नाही."

नसणारच. आमच्यात रजा पाळीने मिळते. मुकादम पाळी बघून तिकिटं आधीच काढून ठेवतो. ही पाळी बोक्याची होती. त्याने रजा मला दिली, तिकिटासकट. इथे सगळे असेच एकमेकांच्या नावाने घरी जातात.

"मग ज्याचं तिकीट, त्याला पाठवा," कारकून म्हणाला. मागची बाई म्हणाली, "आटपा हो, आम्हालाही घरं आहेत."

म्हणजे कागदावर मी गाडीत नव्हतोच! उशीर बोक्याला झाला.

१३ मार्च

बोक्याला घेऊन गेलो. अंघोळ करून, शर्ट खोचून आला होता.

"उशिरामुळे नुकसान काय? जेवणाचा खर्च, राहण्याचा खर्च, पुढची गाडी चुकली?"

बोका म्हणाला, "आईचा आवाज."

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. "कोणाच्या आईचा?"

"माझ्या."

त्याने 'इतर' या चौकटीत खूण केली. इतर.

बोका रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. बाहेर पायरीवर बसून म्हणाला, "माझी आई असं आयुष्यात पहिल्यांदा बोललो बघ. तेही खिडकीत." हसला. मला हसू आलं नाही.

मग विचारतो, "कसा होता रे आवाज? पुढे कोणी विचारलं तर सांगायला हवं."

म्हटलं, आईसारखा.

"गाढवा, मला काय कळणार त्यातलं?"

१४ मार्च

दिवसभर आठवून पाहिला. "जेवलास का" एवढंच ऐकू येतं.

१८ मार्च

उत्तर आलं. इतर नुकसान असेल तर पुरावा लागतो. ऑपरेशन पुढे ढकलता येत नव्हतं, असं डॉक्टरकडून लिहून आणा. ताईला फोन केला. "बघते," म्हणाली. तुटक.

मुकादमाला वास लागलाच. "तिकीट मी काढलं होतं. भरपाई आली तर अर्धी माझी."

बोका चादर ताणत म्हणाला, "आई पण अर्धी घ्या मग."

मुकादम पुढे गेला. संध्याकाळी आम्हा दोघांना डागांच्या चादरींवर टाकलं.

२१ मार्च

ताई चालढकल करतेय. आज डॉक्टर नव्हता, काल तिचं पोर आजारी होतं. मी म्हटलं, "दवाखान्याचा, औषधांचा सगळा भार मी इथून उचलतो, आणि तुला एक कागद आणवत नाही? आई काय माझ्या एकट्याचीच आहे?"

तिने फोन ठेवला. ठेवू दे. रेल्वे तशी, बहीण तशी. कोणाला काही पडलेली नाही.

२२ मार्च

ताईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, डॉक्टर तसं लिहून देणार नाही, खोटं होईल. तो थांबायला तयार होता. "मुलगा येऊ दे, परवा करू," असं त्यानेच सांगितलं होतं. आईने ऐकलं नाही. म्हणाली, "आजच उरका. तो समोर बसला तर 'आता घरी ये' असं माझ्या तोंडून निघून जाईल. आणि पोरगं हातातलं काम टाकून खरंच येईल."