आठ जण लागतात

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमचा कोपरा बंद करणार म्हणे! आम्ही जिथे कथा लिहितो त्या संकेतस्थळाच्या साहेबांचं पत्र आलंय. मधात घोळवून लिहिलंय. "ज्या कोपऱ्यांत वर्षभरात किमान आठ जणांचा एक तरी उपक्रम पार पडणार नाही, ते ३१ मार्चला बंद करण्यात येतील. तेथील कथा सुरक्षित ठेवल्या जातील." सुरक्षित म्हणजे कुलपात. कुणी वाचायच्या नाहीत आणि नवी कुणी लिहायची नाही.

आमच्या कोपऱ्यात दोनशे बारा कथा आहेत. सगळ्या एकाच मालिकेवरच्या. ती तेरा भागांत गुंडाळली, तिचं नावही आता कुणाला आठवत नाही. स्टेशनवरचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस, एक म्हातारा कारकून, एक नवी बाई. तेराव्या भागाच्या शेवटी बाई एका बेवारस ट्रंकेचं झाकण उचलते आणि — संपलं. पुढच्या सोमवारी त्या जागी भलतीच मालिका. ट्रंकेत काय होतं, हे आम्ही अकरा वर्षं लिहितोय.

साहेबांना वाटतं आम्ही संपलो. बघतेच.

५ फेब्रुवारी

घोषणा लावली. भेटकथांची अदलाबदल, वर्ष सातवं. प्रत्येकानं टोपणनाव द्यायचं आणि आपल्याला कशी कथा हवी ते सांगायचं. मी चिठ्ठ्या काढणार. ज्याला जो येईल त्यानं त्याच्यासाठी लिहायचं, गुपचूप. ८ मार्चपर्यंत माझ्याकडे, १५ मार्चला सगळ्या एकदम उघडणार. कमीत कमी हजार शब्द.

दोन नियम मी पहिल्या वर्षीच घातलेत आणि ते हलणार नाहीत. चिठ्ठी परत काढायची नाही. आणि कुणाच्याही तोंडाला पानं पुसायची नाहीत — एखादा गळला तर त्याच्या जागी बदली लिहिणार. बदली म्हणजे बहुतेक मीच.

८ फेब्रुवारी, रविवार

दादा आला होता. मी यादी करत होते, ती त्यानं उचलून वाचली.

"म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालिकेवर तुम्ही गोष्टी लिहिता?"

"हो."

"आणि त्या एकमेकांना भेट देता?"

"हो."

"शिळ्या कढीला ऊत. एवढ्या वेळात स्वतःची कादंबरी झाली असती तुझी."

मला नकोय कादंबरी. मला ट्रंकेत काय होतं ते हवंय. हा स्वतः दर रविवारी पट मांडून दुसऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी खेळलेले बुद्धिबळाचे डाव पुन्हा खेळतो. घोडा तिथे न ठेवता इथे ठेवला असता तर, म्हणून कपाळाला आठ्या घालून तासभर बसतो. त्याला कुणी कढी म्हणत नाही. मी म्हटलं तसं. तरी जाताना म्हणालाच, "पन्नाशी आली तुझी." आली तर आली.

१२ फेब्रुवारी

सात झाले. मी धरून.

हेडमास्तर आले — वेलांट्या तपासणारे. एकदा माझ्या घोषणेतल्या चार चुका काढून परत पाठवल्या होत्या. मिरची आली. 'उशीर' आला, नावाला जागून शेवटून दुसरा. मागच्या वर्षी मिरची आणि उशीर यांचं असं जुंपलं होतं की मध्यस्थी करता करता माझ्या नाकी नऊ आले. भांडण कशावरून, तर कारकून चहात साखर घेतो की नाही! आणि तिघं हल्लीची, गेल्या दोन-तीन वर्षांतली. एक जातो, एक येतो. पहिल्या वर्षीचं माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही, पण जागा कधी रिकामी राहिली नाही. कोण म्हणतं संपलो?

फक्त आठवा हवा.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज नावं द्यायचा शेवटचा दिवस. दिवसभर दर अर्ध्या तासाला बघितलं. सात.

सातच.

साहेबांना लिहिलं, सातांत भागवा. उत्तर लगेच आलं, "नियम सर्वांना सारखे."

बरं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक नवा सदस्य दाखल झाला. टोपणनाव — किल्लीवाला. मागणी — "ट्रंकेच्या कुलपाबद्दल काहीही." तो मीच. हे इथे लिहितेय, आणखी कुठे लिहिणार नाही. वाईट वाटत नाही. दोनशे बारा कथा कुलपात जाण्यापेक्षा एक खोटं नाव बरं.

थोडं वाटतंय.

१६ फेब्रुवारी

चिठ्ठ्या काढल्या, बटणांच्या डब्यातून. मला मिरची आली. किल्लीवाल्याला आले मी! म्हणजे मीच मला भेट लिहायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्षणभर वाटलं, पुन्हा काढावी, कोण बघतंय? पण नियम माझाच. हेडमास्तरांकडे किल्लीवाला गेला. बिचारे त्या भुतासाठी हजार शब्द शुद्ध लिहिणार.

२४ फेब्रुवारी

दुकानात काचा घासताना मिरचीची कथा सुचली. तिची मागणी, "नवी बाई कारकुनावर एकदा तरी चिडू दे." चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीमागे सुरुवात लिहिली आणि तीच चिठ्ठी मालकांच्या हातात पडली. त्यांनी गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचली, "'तुम्हाला माणसांपेक्षा छत्र्या जास्त कळतात,' ती म्हणाली." गिऱ्हाईक म्हणालं, पुढे?

मालक म्हणाले, "बाई, हे घरी." मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत लिहीन, ती सुट्टी माझी आहे. पंधरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा उलट बोलले. ते नुसतं "हं" म्हणाले.

१ मार्च, रविवार

मिरचीची झाली. माझी मलाही झाली. स्वतःला भेट लिहिण्याइतकं कंटाळवाणं काही नाही. पुढचा शब्द आधीच माहीत असतो.

बाकी सहा जणांचा पत्ता नाही. एरवी एव्हाना हेडमास्तरांची कथा येऊन वर दोन सूचनाही आलेल्या असतात.

५ मार्च

सगळे कसे एकदम अळीमिळी गुपचिळी? सहाही जणांना वेगवेगळं लिहिलं. कुणाकडून चकार शब्द नाही.

८ मार्च, रविवार

मुदत संपली. माझ्या दोन सोडल्या तर शून्य.

दादाचा फोन. "काय झालं तुझ्या त्या अदलाबदलीचं?" मी म्हटलं, जोरात चाललीय. फोन ठेवला आणि रडले. रागानंच. इतकी वर्षं मी यांची भांडणं मिटवली, वाढदिवस लक्षात ठेवले, आणि एका ओळीचं "जमत नाही" लिहायला यांचे हात मोडलेत?

९ मार्च

उत्तरं आली. मिरची — "घरी आजारपण. नाही जमणार." उशीर — "माफ करा. यंदा नाही." तिघा नव्यांचंही तेच, चार-चार शब्दांत. हेडमास्तरांनी मात्र कथा पाठवलीय, किल्लीवाल्यासाठी. बरोबर एक ओळ, "उशिराबद्दल व चूकांबद्दल क्षमस्व." चुकांमधला चू दीर्घ! हेडमास्तरांकडून!

म्हणजे पाच गळले. साहेबांचा नियम, आठ जणांचा उपक्रम पार पडला पाहिजे, म्हणजे आठ भेटी दिल्या गेल्या पाहिजेत. कुणी दिल्या ते नियमात नाही. मी दोनदा वाचला.

पाच कथा, सहा दिवस. रात्र थोडी, सोंगं फार. लिहिणार.

११ मार्च

दोन झाल्या. उशीरसाठी लिहिली ती चांगली उतरलीय. कारकून चहात साखर घेतो, पण कुणी बघत नसताना. आता भांडा.

मालकांना दोन दिवसांची रजा मागितली. "कशासाठी?" खरं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "त्या छत्रीवालीचं पुढे काय झालं ते छापून आणा." रजा दिली.

१२ मार्च

मनगट दुखतंय. तीन झाल्या.

हेडमास्तरांसाठी काय लिहू? त्यांची मागणी सगळ्यांत लहान — "ट्रंक कुणीतरी न्यायला येते." एवढंच. अकरा वर्षांत आम्ही ट्रंकेत पत्रं भरली, दागिने भरले, एकदा तर कुणीतरी जिवंत कासव भरलं. पण ती न्यायला कुणी यावं हे कुणालाच सुचलं नव्हतं.

१४ मार्च

पाचही झाल्या. शेवटची हेडमास्तरांची. एक बाई येते, पावती नाही, ओळखपत्र नाही, ट्रंकेत काय आहे तेही तिला नीट सांगता येत नाही. कारकून म्हणतो, नियमात बसत नाही. नवी बाई म्हणते, मग नियम थोडा सरकवा, तिला बसू द्या. लिहिताना मला रडू आलं आणि मी डोळे पुसले नाहीत.

१५ मार्च, रविवार

उघडल्या. आठच्या आठ. लेखकांच्या नावांच्या जागी पाच ठिकाणी "बदली". लपवलं नाही. कुणाला हसायचं तर हसू दे.

हेडमास्तरांनी किल्लीवाल्यासाठी लिहिलेली कथा आज दहाव्यांदा वाचली. कुलूप बनवणाऱ्या माणसाची आहे. शेवटी तो म्हणतो, कुलूप चोरासाठी नसतं, परत येणाऱ्यासाठी असतं. ठिकठिकाणी चुका आहेत, अक्षरं गळलीयत. आणि तरी या कोपऱ्यातली सगळ्यांत सुंदर कथा आहे. ती मी एका खोट्या माणसाच्या नावावर घेऊन बसलेय.

१६ मार्च

साहेबांचं पत्र. "अभिनंदन. आठ सदस्य, आठ भेटी. आपला कोपरा सुरू राहील." दादाला फोन करून वाचून दाखवलं. त्याला म्हणावं लागलं, "शाबास." ओढून ताणून म्हणाला, पण म्हणाला.

मी जिंकले. जेवण मात्र गेलं नाही.

१७ मार्च

साहेबांना फसवल्याचं मला काही वाटत नाही. हेडमास्तरांना फसवल्याचं वाटतं. त्यांनी इतकं जीव ओतून कुणासाठी लिहिलं? कुणीच नसलेल्यासाठी.

आज त्यांना सगळं लिहून टाकलं. "किल्लीवाला नावाचा माणूस नाही. आठवं नाव माझंच आहे. कोपरा वाचवायला केलं आणि वेळ आली तर पुन्हा करीन. पण तुमची कथा मी खोटेपणानं घेतली, ती परत हवी असेल तर घ्या. साहेबांना कळवायचं असेल तर कळवा." पाठवलं आणि कम्प्युटर बंद केला.

१९ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. हेडमास्तर बाई आहेत. एका हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसतात, दोन फोनच्या मध्ये लिहितात. फेब्रुवारीअखेर पडल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं एकच कथा पुरी झाली. ती किल्लीवाल्याची केली, कारण किती वर्षांनी कुणीतरी खरोखरीचं नवीन आलं होतं.

"आठवं नाव तुमचं," त्या लिहितात, "तर उरलेली सहा माझी. जुने एकेक करून सोडून जात होते. तुमची यादी लहान होताना बघवेना, म्हणून दर वेळी एक नाव घेत गेले. यंदा सहाही भेटी तुमच्याच हातच्या मिळाल्या. सगळ्या वाचल्या."

पत्र पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहिलं — सहाचं ओझं एकटीनं कशाला? पुढच्या वर्षी चार तुम्ही, चार मी.