लोणी लावलेला रूळ

प्रिय इस्तिफो,

चाकं जागच्या जागी फिरत होती आणि इंजिन वर चढत नव्हतं. आपल्या घराखालच्या वळणावर, नेमकं बाबांच्या रुळावर. मागे दोन उघडे डबे, डब्यांत स्लीपरांचा ढीग, ढिगावर बसलेली माणसं. दोन्ही बाजूंना सगळं एम्बातकाला गाव. इंजिन हाकणाऱ्या बेराकीनं वाफ कमी केली, पुन्हा सोडली. चाकं किंचाळली, इंजिन हातभर मागं घसरलं आणि बायकांनी एकदम श्वास आत घेतला. मग बेराकी खिडकीतून अर्धा बाहेर आला. सत्तरी उलटली तरी त्याचा आवाज तोच आहे. ‘‘कुणी काय फासलंय रे याला?’’ रूळ टाकणाऱ्यांचा मुकादम, कापो ओक्बाझ्गी, खाली वाकला. बोट फिरवलं, नाकाशी नेलं. ‘‘लोणी,’’ एवढंच म्हणाला आणि आभाळाकडे बघत राहिला. बेराकीनं टोपी काढली. ‘‘माणसांना लोणी लावलेलं जन्मभर बघितलं. रुळाला आज पहिल्यांदा.’’ कुणी हसलं नाही. आईनं माझं मनगट धरलं होतं. गाडी मागं गेली असती तर गाव एवढंच म्हणालं असतं, की ज्या रुळापायी इतकं झालं तो रूळसुद्धा शेवटी कामाचा निघाला नाही.

तू नीट आठवून बघ. या वळणाचा दगड आजोबांनी फोडला. इटालियन समुद्राकडून चढत चढत आले, अस्मारा गाठेपर्यंत एक पिढी खर्ची पडली, आणि ती पिढी त्यांची नव्हती. बाबा गाडीवर लागले तेव्हा इंजिनातली खुर्ची आपल्या माणसाला मिळत नसे. आपल्याला फावडं किंवा डब्यांचा ब्रेक. बाबांना ब्रेक मिळाला. त्याचं त्यांना कधी कमीपण वाटलं नाही. ते म्हणायचे, ‘‘चढवू दे कुणालाही. उतरवतो मी.’’ इटालियन गेले, इंग्रज येऊन गेले, बादशहाची माणसं आली. गाडी चालत होती. मग स्वातंत्र्याची लढाई पेटली आणि गाडी थांबली. सैनिक रूळ उपटून खंदकांवर छपरं घालायला लागले. तेव्हा बाबांनी एका बाजारच्या दिवशी शेजारी गोळा केले, वळणाच्या बाहेरच्या अंगाचा एक रूळ खांद्यांवरून वर आणला, घराची मधली तुळई उतरवली आणि तिच्या जागी तो चढवला. वर पुन्हा माती दाबली. गावानं आपल्या घराला नाव ठेवलं, ‘एंदा हात्सिन’. लोखंडाचं घर. काही जण चोराचं घरही म्हणायचे. पाण्यावर बायका आईला विचारायच्या, ‘‘काय गं, इंजिन कधी आणतोय तुझा नवरा? चुलीपाशी ठेवशील की गोठ्यात?’’ आई म्हणायची, ‘‘तुझ्या नवऱ्यानं आधी एक खिळा आणून दाखवू दे.’’ मला तेव्हा लाज वाटायची. तुला वाटायची नाही, हे मला आठवतं. तू त्या रुळाला दोरी बांधून झोके घ्यायचास.

नंतर डोंगर आपल्या लढणाऱ्या मुलांच्या हातात आला, आणि तू गावातल्या तुझ्या दोस्ताला, बोक्रेला, बरोबर घेऊन घरी आलास. बंदूक खांद्यावरून उतरवली नाहीस. खंदकावर छप्पर घालायचं होतं आणि वळणावर आता एकही रूळ उरला नव्हता. तू वर बोट दाखवलंस. बाबा म्हणाले, ‘‘दार ने. खाट ने. मला ने. रूळ नको.’’ तू म्हणालास, ‘‘पोरांपेक्षा तुम्हाला लोखंड मोठं.’’ बोक्रे दारात उभ्यानं आईच्या हातची ताइता भाकरी खात होता. तोंड भरलेलं असताना म्हणाला, ‘‘चल रे, लाकडाचं करू. लाकूड ऊबदार असतं.’’ आईच्या गालाला खरकटा हात लावून पळाला. त्यानंतरचं तूच बघितलंस, आम्ही फक्त ऐकलं. विमानं आली. लाकडाचं छप्पर खाली बसलं. बोक्रे आत होता आणि तू बाहेर. मग माघार, मग सुदान, मग जेद्दा. दर सणाला तुझं कापड येतं, तू येत नाहीस. देश मोकळा झाला तरी आला नाहीस. का, ते या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

एक गोष्ट तुला कुणी कळवली नसेल. बोक्रेची बातमी आली त्या दिवसानंतर बाबा त्या छपराखाली झोपले नाहीत. जेवायला आत यायचे. कॉफीला बसायचे. आडवं व्हायला मात्र बाहेर, भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर. हिवाळ्यात इथलं धुकं कसं असतं ते तुला माहीत आहे. सकाळी त्यांच्या चादरीतून पाणी पिळावं लागे. आई रागावायची, रडायची, शेवटी तिनं ओट्यावर पेंढा अंथरून दिला. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही. चुकलं असंही म्हणाले नाहीत, बरोबर होतं असंही नाही. गेले तेसुद्धा ओट्यावरच. आणि बोक्रेची आई, गाव ज्यांना मानानं अदेय, म्हणजे आई, म्हणतं त्या लेतेकिदान, तेव्हापासून आपल्या उंबऱ्यात आल्या नाहीत. देवळात भेटल्या की भेटीचा खांद्याला खांदा लावायच्या, सगळ्यांची विचारपूस करायच्या. पण आपल्या घरची कॉफी नाही. एकाच गावात राहून दोन म्हाताऱ्या एकमेकींची कॉफी पीत नाहीत, हे ओझं रुळापेक्षा जड असतं.

आता गाडीचं सांगते. बाहेरचे लोक बघून गेले होते. म्हणाले, हे काही उभं राहायचं नाही, सगळं नवीन आणा. आपल्यांनी नवीन काही आणलं नाही. निवृत्त म्हातारे घरोघरून बोलावले, हाताखाली तरुण दिले, आणि मस्सावा बंदरापासून वर कामाला लागले. खंदक उघडून रूळ काढले. वाकलेले सरळ केले. गिंडापर्यंत आले, मग आपल्या खालच्या पुलापर्यंत. एक दिवस कापो ओक्बाझ्गी घरी आला, मान वर करून बघत उभा राहिला. काजळीनं रूळ काळा कुळकुळीत झाला होता, पण गंज नाही. वळणावर बाहेरच्या रुळाची एकच कड झिजते. त्यानं त्या कडेवरून हात फिरवला. ‘‘आपल्याच वळणाचा आहे,’’ तो म्हणाला. आई म्हणाली, ‘‘मग? कुणाचा वाटला तुला?’’ त्याला पुढचं बोलणं जड जात होतं, कारण रूळ काढला की छप्पर उरणार नव्हतं. आईनंच सोडवलं. ‘‘मडकी बाहेर काढते, तेवढं थांब. त्यांनी सांभाळायला आणला होता. माझ्या डोक्यावर कायमचा ठेवायला नाही.’’ इस्तिफो, त्या क्षणी बाबांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी इतकी वर्षं त्या घरात राहिले आणि मला ते आईच्या तोंडून ऐकावं लागलं.

माती उतरवायला अख्खी गल्ली आली. रूळ अंगणात उतरला तशी कुणीतरी ढोलावर थाप मारली, कुणीतरी तोंडानं लुलूकार काढला, आणि बघता बघता त्याची पाठवणी झाली. घरातून लेक सासरी निघावी तशी. गर्दी बाजूला झाली. अदेय लेतेकिदान पांढरी ओढणी घेऊन उंबरा ओलांडत होत्या. हातात लोण्याचा वाडगा, केसांना लावतात ते, पाल्याचा वास असलेलं. नवरी डोक्यावर लोणी घेतल्याशिवाय निघत नाही. कापो पुढं धावला. ‘‘अदेय, अहो नवरी नाही ही! याच्यावरून इंजिन जायचंय!’’ त्या थांबल्यासुद्धा नाहीत. ‘‘नवरीवरून काय काय जातं ते तू मला शिकवू नकोस, पोरा.’’ बायका इतक्या हसल्या की ढोल बंद पडला. आई हसता हसता जमिनीवर बसली आणि मग ती हसत नव्हती. अदेय लेतेकिदाननी रूळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माखला. झिजलेल्या कडेवर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. पोरांनी नंतर गोणपाटानं पुसला खरा, पण नवरीचं तोंड पुसावं तसा, वरवर.

म्हणून दुसऱ्या दिवशी इंजिन घसरलं. बेराकीनं चाकांखाली वाळू सोडणाऱ्या पेटीची दांडी ओढली, पण धुक्यानं वाळूचा गोळा झाला होता. कुणी हलेना. आईनं माझं मनगट सोडलं, वर घराकडे गेली आणि सूपभर माती घेऊन आली. छपराची, ओट्याशी ढीग लावलेली, पंचवीस वर्षं चुलीच्या धुरात वाळलेली. रुळावर ओतली आणि पायानं पसरली. बेराकी ओरडला, ‘‘अदेय, बाजूला हो!’’ ती म्हणाली, ‘‘तू हाक. मी बघते.’’ मग सगळ्या बायका सुपं, टोपल्या, पदर भरून धावल्या. अदेय लेतेकिदान सर्वांत पुढे. बेराकीनं वाफ सोडली. चाक एकदा घसरलं, मग त्यानं कचकन माती धरली, आणि इंजिन बाबांच्या रुळावरून चढलं. आमच्या तोंडावर धूर सोडून गेलं. स्टेशनात पोचेपर्यंत बेराकीनं शिट्टीची दोरी सोडली नाही. कापो माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘तुमचं काय ते नाव आहे ना घराचं? लोखंडाचं?’’ मी म्हटलं, ‘‘हो. तेच.’’ मी ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की लोकांनी वळून बघितलं.

संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या आपल्या घरात बसल्या. वर छप्पर नव्हतं. कॉफीची तिन्ही आवर्तनं झाली, तिसरी आशीर्वादाची, तीही अदेय लेतेकिदाननी घेतली. मग त्यांनी मला कागद आणायला सांगितलं. वरच्या टप्प्यासाठी रूळ कमी पडतायत, पुढच्या महिन्यात तुम्ही पोरं लढलात त्या बाजूचे खंदक उघडणार आहेत. बोक्रेला तू पुरलंस. कुठल्या दगडाशी, कुठल्या अंगाला डोकं करून, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘त्याला लिही, की फावडं लागायच्या आधी येऊन मला जागा दाखव. रुळाबद्दल मला काही विचारायचं नाही. लोणी मी माझ्या हातानं लावलं, तेही लिही.’’ आईनं दिवा जवळ सरकवला. मी त्यांच्यासमोर बसून हे लिहिलं. म्हणून हे पत्र, इस्तिफो.

वाट बघणारी तुझीच मोठी बहीण,
हिदात

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं होतं. आज सकाळी अदेय लेतेकिदान कामगारांच्या गाडीत बसून मस्सावाला गेल्या. जेद्दाहून येणारी बोट कुठल्या वारी लागते ते विचारून येणार आहेत.