यावोर्येच्या वहीतली ओळ

मंगळवार, २३ सप्टेंबर. येलेन्त्सा डोंगरघर

"नीट लिही गं पोरी, जिथलं नाव लिहिशील तिथं मी तुला शोधायला येईन," असं सव्वीस वर्षांपूर्वी एक माणूस मला हसत हसत म्हणाला होता. आज येलेन्त्साच्या पायरीवर बूट काढताना ते वाक्य आठवलं आणि मीही हसले. हवाच तशी होती. दिवसभर स्वच्छ ऊन, खाली दरीत गवत कापल्याचा वास, वाटेवर अख्ख्या दिवसात तीन माणसं भेटली. सगळे लोक पलीकडच्या प्रसिद्ध शिखरांकडे पळतात. ही रांग बिचारी आमच्यासारख्यांना उरते.

घर सांभाळणारी फ्रान्त्स्का सत्तरीची असेल. इथं चढ संपला की अहो-जाहो खालीच ठेवायची रीत आहे, पण तिनं तर मला दारातच पोटच्या पोरीसारखं झापलं. असले पातळ मोजे घालून डोंगरात येतात होय, की बाजारात निघाली होतीस, म्हणाली. मग लोकरीच्या सपाता पायाशी टाकल्या आणि जवाचं दाट कढण पुढे ठेवलं. नवरा कुठाय, तिनं विचारलं. सोडला, म्हणाले. बरं केलंस, चढावर ओझं कमी बरं, म्हणाली.

जेवणाआधी तिनं वही पुढे सरकवली. नाव, कुठून आली, उद्या कुठे जाणार. मी लिहिलं: नेवा कोबाल, त्सेल्ये, उद्या यावोर्ये. संध्याकाळी सहाला सगळी डोंगरघरं वायरलेसवर एकमेकांना नावं वाचून दाखवतात. पुढच्या घरानं माणूस पोचल्याचं सांगितलं, की मागच्या घरी त्याच्या नावापुढे खूण होते. खूण झाली नाही, तर कोणीतरी दिवा आणि दोर घेऊन बाहेर पडतं. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे, तरी नावं वाचायला लागले की अजून हातातलं काम सोडून ऐकत राहते.

वही मिटताना फ्रान्त्स्काला आठवलं. तुझ्याबद्दल दुपारीच विचारणा झाली, म्हणाली. वायरलेसवर कुणी पुरुष होता, खरखर फार होती. नेवा पोचली का, म्हणाला. अजून नाही, असं तिनं सांगितलं, तर बरं, मी थांबतो, म्हणाला. नवरा पुरता सुटलेला दिसत नाही, असं म्हणून ती खूप हसली.

मी इथं येणार हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला, ब्रीनालासुद्धा फक्त डोंगरात जाते एवढंच म्हटलंय. बहुधा दुसरी कुणी नेवा असेल.

बुधवार, २४ सप्टेंबर. यावोर्ये डोंगरघर

आज ते सगळं लिहायचंच आहे, नाहीतर ही रोजनिशीही खोटी होईल.

मी वीस वर्षांची होते. याच घरात, याच टेबलावर मी वहीत लिहिलं होतं: नेवा, त्सेल्ये, पुढे बेलस्का. आडनाव लिहायचा कंटाळा केला होता. हे घर तेव्हा ओझबेय सांभाळायचा. चौतीस वर्षांचा, पुढच्या दोन दातांत फट, हसला की शिट्टीसारखा आवाज यायचा. ते वाक्य त्याचं. मी निघाले, खिंडीपर्यंत गेले आणि तिथून मेंढ्यांची वाट खाली दरीत उतरताना दिसली. खाली बस होती, बसच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा होता. मी उतरले. स्टँडवरून कळवायचं ठरवलं होतं, पण बस लागलेलीच होती. उद्या कळवू, म्हटलं.

त्या रात्री वर बर्फ पडला. पुढच्या घरातून, बेलस्काहून, सहाला निरोप आला की मुलगी पोचलेली नाही, आणि ओझबेय दिवा घेऊन निघाला. तो परत आला नाही. सापडलाही नाही. मी तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं. त्सेल्येतली कुठलीही नेवा हरवली नव्हती, तेव्हा लोक म्हणाले, कुणीतरी वहीत थट्टा केली असणार. मी गप्प बसले. त्या मुलाशी लग्न केलं आणि गप्प बसले.

गेल्या महिन्यात ब्रीना म्हणाली की अठरा पूर्ण झाले की ती एकटी ही रांग चालणार. वहीत नीट लिहायचं आणि बेत बदलला तर कळवायचं, असं मी तिला बजावलं. तेव्हा तिनं सहज विचारलं, आई, तू कधी चुकलीस का यात? मी नाही म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझीच मला भीती वाटली. रविवारी तिचा वाढदिवस आहे. त्याआधी हे कबूल करून घरी जायचं आणि तिला खरं सांगायचं, एवढ्यासाठी मी आले आहे.

हे घर आता ओझबेयची बहीण तोंच्का सांभाळते. साठीची, सडपातळ, कमी बोलणारी. पाहुणी मी एकटीच. तिनं कुट्टूच्या पिठाची उकड वाढली आणि मी चमचा खाली ठेवून सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा उठून चुलीत लाकूड सारलं. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, की उकड गार झाली, खाऊन घे. आणि मग, दाराकडे जाता जाता: आई शेवटपर्यंत रोज खिडकीत दिवा लावायची. तेल आणायला मीच जायचे.

एवढंच. मला वाटलं होतं ती ओरडेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर. यावोर्ये, सकाळ

तोंच्का पहाटेच उठलेली होती. टेबलावर एक जुनी, ओल लागून फुगलेली वही होती. तिनं पान उघडून ठेवलं होतं. माझं विसाव्या वर्षीचं गोल गोल अक्षर. त्या पानावर प्रत्येक नावापुढे खूण आहे, माझ्याच नावापुढे नाही.

तिचं म्हणणं असं. तिचा भाऊ लहानपणीही असाच होता. एक शेळी हरवली होती तर चार दिवस घरी आला नाही, शेळी खांद्यावर घेऊनच आला. खूण होईपर्यंत तो थांबायचा नाही, आणि माफी मागायची तर माझ्याकडे नको मागूस, मी कोण. जिथं लिहिलं होतंस तिथं जा. बेलस्काला पोच आणि ओळ पुरी कर. बेलस्का तेव्हापासून बंदच आहे, फक्त हिवाळी खोली उघडी असते. तिथं लाकडं आहेत, वायरलेस आहे. असं सांगून तिनं ती वही माझ्या पिशवीत घातली, वर भाकरी आणि चीज. इतक्या हळुवारपणे बांधून दिलं की मला रडू आलं. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही.

निघताना सवयीनं आजची वही मागितली. तोंच्का म्हणाली, कशाला पुन्हा, तुझं नाव आहे की जुन्या वहीत.

आभाळ भरून आलंय. पाच तासांची वाट आहे.

गुरुवार, दुपार. खिंडीत

दगडाच्या आडोशाला बसले आहे. बोटं गारठलीत. बर्फ सुरू झाला आहे, बारीक, पिठासारखा.

मेंढ्यांची वाट अजून तशीच आहे. खाली दरीतली छपरं दिसतात. एकदा वाटलं उतरावं. पण पुन्हा इथूनच उतरायचं?

हाक आली होती. पुरुषाचा आवाज, मागून, यावोर्येच्या बाजूनं. माझं नाव. शोधणारे हाक मारतात ना, तशी, लांब, शेवटचं अक्षर ताणून. मग शांतता. हाक मारल्यावर दहा आकडे मोजायचे, श्वास रोखून ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मीही नकळत मोजले. दहावर पुन्हा हाक.

हाकेची नाही वाटली मला भीती. मधल्या त्या दहा आकड्यांची वाटली. तेव्हा कुणीतरी कान देऊन माझा श्वास ऐकत असतं.

मी ओ दिली नाही.

गुरुवार, पाच वाजता. बेलस्का

पोचले. हिवाळी खोलीचं दार पायानं बर्फ उकरून उघडलं. दोन बाकं, शेगडी, भिंतीवर वायरलेस. शेगडी पेटली आहे. जरा जिवात जीव आला.

जुनी वही उघडली आणि माझ्या ओळीपुढे खूण केली. खूण नीट आली. मोठ्यानं म्हणाले, ओझबेय, मी पोचले. तू जा आता.

खूप हलकं वाटलं. भाकरी खाल्ली. ब्रीनाला काय काय सांगायचं ते मनात जुळवलं.

मग हाक आली. जवळून. खिंडीच्या अलीकडून.

खूण केली ना मी? मग का —

आत्ता कळतंय. ही खूण माझी नाहीच. आपली खूण आपण करायची नसते. यावोर्येची वही होती, खूण यावोर्येचा राखणदार करतो. त्याच्या हातानं. माणूस सापडल्यावर.

गुरुवार, सहा

वायरलेस लागला. फ्रान्त्स्काचा आवाज, मग तोंच्काचा. नावं वाचत होत्या. यावोर्येच्या यादीत आज कुणीच नाही.

फ्रान्त्स्कानंच विचारलं, ती पातळ मोज्यांवाली कुठवर पोचली गं?

तोंच्का म्हणाली, ती? ती खिंडीतून खाली उतरली. बस पकडून गेली.

शांतपणे म्हणाली. पुढे हवेबद्दल बोलली.

मी बटण दाबून ओरडत होते. माझा आवाज पलीकडे जात नाही. बटणामागच्या सुट्या तारेला हात लावला. तार गंजलेली नाही, कापलेली आहे. टोक चकचकीत आहे. मंगळवारी सहाला तोंच्कानंही ऐकलं असणार, नेवा, त्सेल्ये.

आज कुठल्याच वहीत माझं नाव नाही. दिवा आणि दोर घेऊन कुणीही निघणार नाही. तो सोडून.

दोघी गेल्यावर खरखर राहिली. मग त्याचा आवाज. दातांतल्या फटीतली ती शिट्टी —

नेवा पोचली का?

शुक्रवार, २६. सकाळ असावी

खिडकी पांढरी. दार उघडत नाही, बाहेरून बर्फ. रात्रभर हाक घराभोवती फिरली. त्याला दार सापडत नाही बहुतेक. मी ओ दिल्याशिवाय —

तोंच्काचा राग नाही येत. तिनं माझंच वाक्य मला परत दिलं. खाली उतरली, बस पकडून गेली.

तो वाईट नाही. हेच भयंकर आहे. सव्वीस वर्षं तो मला घरी न्यायला निघालाय, आणि त्याला स्वतःलाच घर सापडलेलं नाही. सापडले तर माझा हात धरील. सोडणार नाही. शेळीसारखं खांद्यावर — आणि चालत राहील —

लाकडं संपत आली.

शुक्रवार

खिडकीच्या काचेवर बाहेरून हात. काच पुसतोय. आत दिसत नाही त्याला. अजून.

शिसपेन्सिल बोथट झाली. ब्रीना, मी चुकले होते. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणाले, ती दुसरी चूक.

शुक्रवार

मी केलेली खूण खोडली. ती तुझी आहे, ओझबेय. तुझी जागा मोकळी ठेवली आहे.

हाक थांबली. दाराशी. मोजतोय.

मी श्वास धरला आहे. धरून लिहिते आहे.

एकच मागते. परवा रविवार आहे. माझ्या मुलीला अठरा वर्षं पूर्ण होतायत. तिला खरं सांगू दे, मग मी स्वतः येईन, यावोर्येच्या टेबलावर पूर्ण नाव लिहीन, आडनावासकट. दोनच दिवस मला शोधू नकोस. तू नाही म्हणशील. तुला नाही म्हणावंच लागेल, मीच वहीत लिहून दिलंय तसं. तरी मागते. ओझबेय, आजचा दिवस मला हरवलेलीच राहू —